आरोपीचा चहा

गावात कोणी विचारलं, कुवेतला काय करायचास, तर मी सांगतो, फौजदारीत होतो. माणसं जरा सरसावून बसतात. आमच्या स्टँडवरच्या कॅन्टीनवाल्याला तर कितीतरी वर्षं वाटायचं की मी तिकडे फौजदार होतो. मीही त्याला लगेच खरं सांगितलं नाही. आता सांगतो. मी फौजदारीत चहा करत होतो. सातवीत शाळा सोडून आलेल्या माणसाला सरकारी वकिलांच्या कचेरीत दुसरं काय करायला देणार?

पण त्या कचेरीत चहालाही काम होतं, ते आधी सांगतो.

पोलीस माणसाला धरतात, कागद करतात आणि माणसासकट कागद आमच्याकडे आणतात. आमचा साहेब त्या माणसाला समोर बसवतो, त्याचं ऐकतो, साक्षीदारांचं ऐकतो आणि ठरवतो, ह्याला कोर्टात उभा करायचा की घरी जाऊ द्यायचा. न्यायाधीश फार पुढे. माणसाचं आयुष्य बरेचदा आमच्या त्या खोलीतच इकडचं तिकडे व्हायचं. कोर्टात न जाता प्रकरण बंद केलं, तर त्याला तिकडे हिफ्ज म्हणतात. हिफ्ज झालं की माणूस सुटला.

फौजदारी विभागाचे प्रमुख होते बू जासिम. म्हणजे जासिमचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात आणि त्यातच मान असतो. तोंडावर आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. उंच, सावळे, कमी बोलणारे. त्यांचा एक नियम होता. कितीही वाईट गुन्हा असो, आरोपी खुर्चीत बसला की पहिल्यांदा त्याच्यापुढे चहा. बेड्या काढायच्या, चहा ठेवायचा, तो अर्धा पिऊन होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. आणि तो चहा सगळ्यांना एकसारखा. काळा, दोन चमचे साखर, छोट्या काचेच्या ग्लासात. खुनी असो, चेक न वटलेला शेठ असो, की घरकाम करणारी सिलोनची बाई.

"एकाच्या चहात वेलची पडली आणि दुसऱ्याच्या नाही," ते म्हणायचे, "तर बाहेर बोलतील की निकाल चहातच लागला."

तो चहा मी पहिल्यांदा प्यालो तो त्याच खुर्चीत बसून.

मी शुवैखला एका गोदामात हमाल होतो. गाड्यांच्या सुट्या भागांची पेटी नाहीशी झाली आणि मालकाने माझं नाव दिलं. मला अरबी येत नव्हतं. दुभाषा म्हणून कचेरीचा हैदराबादी ड्रायव्हर उभा केला होता. चहा प्यालो. साहेबांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? तोंडातून निघालं, "साहब, चाय उबला नहीं. पत्ती ऊपर तैर रही है."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. "अबे, ये बोलूँ?"

"बोलो," मी म्हटलं. आता मागे कसं जायचं?

त्याने सांगितलं. शेजारच्या टेबलावर कारकून बसला होता, जाड चष्म्याचा, जबाब लिहून घेणारा. त्याने लेखणी थांबवून विचारलं, "उस्ताद, हे लिहायचं?"

"आरोपी बोलला ते सगळं लिहायचं."

त्याने लिहिलं. माझ्या पहिल्या आणि शेवटच्या गुन्ह्याच्या जबाबात चहा उकळला नसल्याची नोंद आहे. पेटी पुढे मालकाच्याच मेव्हण्याकडे सापडली आणि माझं हिफ्ज झालं. मी गोदामात परत जायला निघालो, तर तो कारकून मागून आला. म्हणाला, साहेब विचारतायत, नीट उकळून दाखवशील का?

त्या माणसाचं नाव अबू मुनीर. पॅलेस्टिनी. पोरवयात बापाबरोबर कुवेतला आलेला, तिथेच लग्न, तिथेच मुलं. जिथून आला ते गाव त्याला आठवत नव्हतं आणि जिथे राहिला तो देश त्याला आपला म्हणत नव्हता. माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कचेरीच्या कंत्राटदाराकडे बदलून घ्यायला तोच माझ्याबरोबर खिडक्या खिडक्या फिरला. अरबी त्यानेच शिकवलं. माझं गणपत हे नाव त्यांच्या जिभेवर गनबत झालं, ते तसंच राहिलं.

कचेरीतल्या माणसांचा चहा मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीने. बू जासिमना वेलचीचा. अबू मुनीरला साखरेचा त्रास, म्हणून त्याला बिनसाखरेचा आणि त्यात मरमिया. मरमिया म्हणजे एक पाला. आपल्या तुळशीएवढं झाड, पानं पांढरट, लव असलेली, वास कडसर. त्याची बायको घराच्या गच्चीत कुंडीत लावायची, वाळवून डबा भरून द्यायची. दुसरं कोणी तो चहा पीत नसे. मीही नाही. मला तो काढ्यासारखा लागायचा.

किती माणसं त्या खुर्चीत बसून गेली. खैरानला समुद्रावर श्रीमंतांचे बंगले आहेत, तिथला एक राखणदार आणला होता, बंगला जाळला म्हणून. त्याने तीन ग्लास चहा मागून घेतला आणि तिसऱ्या ग्लासाला सांगितलं, आग मालकाचा मुलगा फटाके उडवत असताना लागली. मालक मोठा माणूस. टेबलावरचा फोन वाजत राहिला. बू जासिमनी तो उचलला नाही आणि राखणदाराला सोडून मुलाला बोलावलं. दुसरा एक वायरमन, खोलीतल्या सोबत्याला मारहाण केलेला. दोघे आमच्या समोर गळ्यात पडून रडले म्हणून सोडला, आणि पुढल्या महिन्यात तोच परत आला, ह्या खेपेला हातोड्याने सोबत्याचं डोकं फोडून. त्या दिवशी बू जासिमनी स्वतःचा चहा घेतला नाही. वेलची टाकलेला ग्लास मी तसाच परत आणला.

अशी दहाएक वर्षं गेली. मग नव्वदचा ऑगस्ट आला आणि एका सकाळी रस्त्यावर इराकचे रणगाडे उभे होते.

मी बनेद अल-गारला कोकणातल्या माणसांबरोबर एका खोलीत राहत होतो. सुतार, रंगारी, सगळे एकटे, बायकापोरं गावाला. हळूहळू सगळे बगदादमार्गे बसने अम्मानला निघाले. आमचा भिवा सुतार माझी पिशवी भरून दारात उभा राहिला.

"चल मरे, गणपत. तुझ्या सायबाक चाय करणारे शंभर गावतले. तुझ्या आवशीक दुसरो झील गावाचो नाय."

त्याचं खरं होतं, आईला मी एकटाच मुलगा. पण सौदीला जायची संधी असून बू जासिम गेले नव्हते. त्यांच्या भाच्याला सैनिकांनी धरून नेलं होतं आणि तो परत येईल म्हणून ते थांबले होते. आमच्याच वस्तीत मागच्या गल्लीत आपल्या म्हाताऱ्या आत्याच्या घरी लपले होते. सरकारी वकील म्हणून सैनिक त्यांना शोधत होते. त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. रांगेत उभं राहून खुब्ज, म्हणजे त्यांची रोटी, मी नेऊन देत होतो. मला कोणी अडवत नसे. रोटी घेऊन जाणाऱ्या हिंदी माणसाकडे बघतो कोण? मी शूर नाही. रस्त्यातल्या प्रत्येक चौकीवर मी मान खाली घालून चालायचो. पण त्या म्हातारीच्या दारात रोटी कोण ठेवणार, ते मला सुचलं नाही, म्हणून राहिलो. भिवा पिशवी खाली ठेवून गेला.

थोड्या दिवसांनी अबू मुनीर माझ्या खोलीवर आला. इराक्यांनी फर्मान काढलं होतं, सगळ्यांनी कामावर हजर व्हा. कुवेती माणूस एकही गेला नव्हता. जाणं म्हणजे शत्रूची चाकरी.

"मी जातोय," तो म्हणाला. "तू पण चल."

मी घाबरलो. म्हटलं, लोक काय म्हणतील?

"कचेरी रिकामी असली तर ते माणसांना घरी शोधायला जातील. कोणी बसलेलं असलं, तर आधी त्याला विचारतील. मला विचारू देत." मग म्हणाला, "आणि चहा मिळाला तर त्यांचा इराकी कप्तान बसून विचारतो. नाही मिळाला तर उठून जातो. म्हणून तू हवास."

"अबू मुनीर, उस्ताद कुठे आहेत ते मला—"

त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. "मला सांगू नकोस. मला ठाऊक नसलेलं कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आणि त्यांनाही माझं सांगू नकोस. मला अडवायला ते स्वतः चालत येतील."

तेव्हा सकाळी म्हातारीच्या दारात रोटी ठेवायची आणि मग कचेरीत जायचं. दोन माणसांच्या मध्ये तोंड मिटून चालायचं, असे ते महिने होते. पंखे गेले, कपाटं गेली, एके दिवशी सैनिकांनी नळसुद्धा काढून नेले. जुना मरमिया संपला, तर त्याच्या बायकोने कुंडीतला नवीन पाला दिला. अबू मुनीर आपल्या खुर्चीत बसून राही. एकदा मी ग्लास ठेवत असताना कप्तानाने विचारलं, तुमचा फौजदारीचा साहेब कुठे राहतो?

"गेले ते," अबू मुनीर म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. खैरानच्या रस्त्याने सौदीत. मी स्वतः गाडी पाहिली. मागच्या काचेला पांढरा पडदा होता."

जन्मभर दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिणारा माणूस. पडदासुद्धा घातला. कप्तान आणखी दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा पडदा पांढराच होता.

फेब्रुवारीच्या शेवटी इराकी सैन्य पळालं. तेलविहिरी जळत होत्या, भर दुपारी गाड्या दिवे लावून जायच्या, वाळत घातलेल्या सदऱ्यावर काळे ठिपके पडायचे. बू जासिम लपलेल्या घरातून निघाले ते थेट भाच्याला शोधायला, तुरुंग, इस्पितळं, सीमा. बरेच दिवस ते दिसले नाहीत. मी कचेरी झाडून, खिडक्यांना पुठ्ठे लावून ठेवले. ते आले त्या सकाळी त्यांचा चेहरा पाहिला आणि भाच्याचं विचारायचं राहूनच गेलं. सापडला नव्हता. त्याच सकाळी त्यांच्या टेबलावर शत्रूला मदत केल्याची प्रकरणं रचून ठेवलेली होती.

त्यातलं पहिलं माणसासकट बाहेर बाकावर बसलं होतं. अबू मुनीर. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काच तडकलेली. रोज सकाळी तो कचेरीत जाताना शेजाऱ्यांनी पाहिला होता. पाहिलं होतं ते खरंच होतं. त्याच दारातून मीही जात होतो, पण माझं नाव कोणी दिलं नव्हतं. माझ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मी चहाच्या खोलीत गेलो. आरोपी आत घेतला होता, म्हणजे चहा हवा. पाणी ठेवलं, पत्ती टाकली, उकळलं. ट्रे घेऊन आत गेलो आणि ग्लास त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा मलाच वास आला. मरमियाचा. मी आरोपीचा चहा केलाच नव्हता. हाताने अबू मुनीरचा केला होता.

बू जासिमनी मान वर केली. त्यांच्या बाजूला गणवेशातला एक अधिकारी बसला होता, त्या दिवसांत असा एकजण बसायचा. कारकुनाच्या जागी कोणी नवीन मुलगा.

"गनबत," बू जासिम म्हणाले. आवाज कोरडा होता. "आरोपीचा चहा बदलायचा नाही, तुला माहीत आहे."

"हो उस्ताद. ह्यांना साखर चालत नाही. डबा समोरच होता."

अधिकारी हसला. "ह्या इमारतीतले नळ राहिले नाहीत. पाल्याचा डबा राहिला?"

"जुना संपला, साहेब. हा नंतरचा आहे," मी म्हणालो. म्हणालो आणि समजलं.

"नंतरचा म्हणजे?"

अबू मुनीर तेव्हा पहिल्यांदा बोलला, आणि तोही माझ्यासाठी. "उस्ताद, ह्याला अरबी नीट येत नाही. त्याचं लिहू नका."

माझ्या डोळ्यांपुढे इकामा आला, आई आली, शुवैखचं गोदाम आलं. मी पण गेलो होतो म्हटलं, की बाकावर मीही बसणार. पण त्या ग्लासातून वाफ येत होती आणि तो माणूस मला झाकायला बघत होता.

"मी पण रोज येत होतो," मी म्हटलं. "चहा करायला. अबू मुनीरनी बोलावलं."

"का?" बू जासिमनी विचारलं.

माझं अरबी स्वयंपाकघरातलं. पाणी, साखर, गरम, लवकर. तेवढ्यात मी सगळं सांगितलं. कप्तान कसा बसायचा, काय विचारायचा.

"काय विचारायचा?"

"तुमचं घर."

"आणि हा काय म्हणायचा?"

"तुम्ही सौदीला गेलात म्हणून. खैरानच्या रस्त्याने. गाडीच्या मागच्या काचेला पांढरा पडदा होता."

बू जासिम अबू मुनीरकडे वळले. "मी कुठे होतो, तुला माहीत होतं?"

"नाही उस्ताद."

"बनेद अल-गारला. आत्याच्या घरी. हा रोटी आणायचा."

अबू मुनीरने तडकलेल्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दाढीत हसू आलं. "इतक्या जवळ?" तो म्हणाला. "मी तर तुम्हाला सौदीत दम्मामपर्यंत पोचवलं होतं."

बू जासिमनी लेखणीला टोपण लावलं. "हे प्रकरण आता माझं नाही."

"तुम्हीच सोडू शकता त्याला," अधिकारी म्हणाला. "आत्ता. एका सहीने."

"ज्याच्यामुळे मी जिवंत आहे, त्याचा निकाल मी देऊ? उद्या कोणी त्या सहीला मान देईल?"

त्यांनी कागद दुसऱ्या वकिलाकडे पाठवले आणि स्वतः साक्षीदार म्हणून त्याच्यापुढे जाऊन बसले. माझाही जबाब झाला. त्यांच्यापुढे मी नियमाचा चहा ठेवला. ह्या वेळी चुकलो नाही, काळा, दोन चमचे साखर. त्यांनी एक घोट घेतला.

"गनबत, फार गोड आहे रे. इतकी वर्षं सगळ्यांना हेच पाजलं आपण?"

मी ट्रे उचलला.

अबू मुनीरला सुटायला उन्हाळा लागला. कोठडीत त्याचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, उजव्या हाताची दोन बोटं मात्र नीट मिटत नव्हती. हिफ्ज झालं. कागदावर तो निर्दोष होता. पण त्याचा इकामा संपला होता, आणि पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली म्हणून त्या वर्षी त्याच्या लोकांचे इकामे कोणी वाढवून देत नव्हतं. बू जासिम स्वतः इकाम्याच्या खात्याच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले. मी मागे त्यांची बॅग धरून होतो. माणसं कोर्टात न्यायची की घरी सोडायची हे ठरवणारा माणूस, खिडकीतल्या पोराला समजावून सांगत होता. पोरगा मान हलवत राहिला. परतताना गाडीत ते एकदाच बोलले. "सोडवला, पण ठेवता आला नाही."

निघायच्या आदल्या दिवशी अबू मुनीर कचेरीत आला. बू जासिम खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले. मला म्हणाले, चहा आण. मी विचारलं, कसा?

"त्याचा."

मी मरमियाचा चहा केला. दोघे समोरासमोर बसले, मुलांच्या शाळेचं बोलले, अम्मानला भाडी किती आहेत ते बोलले. निघताना त्याने मला डबा दिला, घट्ट झाकणाचा. बायकोने कुंडी उपटून सगळा पाला वाळवला होता. "कुंडी सीमेपलीकडे नेऊ देणार नाहीत," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर तो न मिटणारा हात ठेवून म्हणाला, "नीट उकळ."

त्यानंतर त्याची खबर आली नाही. भाच्याचीही नाही.

दुसऱ्या दिवशी बू जासिमनी नियम बदलला. आरोपीपुढे चहा ठेवायचा, पण आधी त्याला विचारायचं, तुम्ही कसा घेता? मी म्हटलं, उस्ताद, बाहेर बोलतील. ते म्हणाले, बोलू देत.

ते निवृत्त झाले, त्यांच्या मागून आणखी दोन साहेब आले, आणि मी विचारत राहिलो. बरीच माणसं गोंधळायची. बेड्या काढलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. कोणी दूध मागायचं, कोणी पुदिना, कोणी लिंबू. एक जळगावकडचा ड्रायव्हर आल्याचा चहा मागून ढसाढसा रडला होता. ज्याला जे हवं ते मी केलं.

तो डबा फळीवर शेवटपर्यंत होता. दर वेळी विचारताना माझी नजर तिकडे जायची. मी तिथून कायमचा निघालो तोपर्यंत मरमिया कोणी मागितला नाही. मागणारी माणसं त्या देशात उरली नव्हती.